काटकसर आणि कंजूषी : साने गुरुजींच्या आयुष्यातला पैशाचा धडा

कापूस विकला गेला, केळीची काटणी झाली, हातात चार पैसे खेळू लागले की आपल्या खान्देशात लग्नसराई सुरू होते. मांडव, बॅण्ड, मानपान, गावजेवण. आखाजीपर्यंत पैसा संपतो आणि मिरगाच्या तोंडावर बियाण्यासाठी पुन्हा उसनवारी सुरू. शिवारफेरीला गेल्यावर हे दरवर्षी पाहायला मिळते. म्हणून आज खताची मात्रा किंवा फवारणी न सांगता एका माणसाचे चरित्र सांगावे म्हणतो. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे आपले साने गुरुजी.

गुरुजी म्हटले की डोळ्यांत पाणी आणणारे ‘श्यामची आई’ हे पुस्तक आठवते. पण या माणसाच्या आयुष्यात कर्जाचा, बचतीचा आणि पैशाच्या नीतीचा केवढा मोठा धडा आहे, तिकडे आपले लक्ष जात नाही. शेतकऱ्याच्या फार उपयोगाचा धडा आहे तो.

खोताचे घर बुडाले

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात, दापोलीजवळच्या पालगड गावी झाला. घराणे खोताचे. खोत म्हणजे गावचा सरकारी सारा गोळा करून भरणारा वतनदार. आपल्याकडे पाटलाला जो मान, तसाच तिकडे खोताला. आजोबांच्या काळात घर भरलेले होते. वडिलांच्या काळात मात्र उतरती कळा लागली. भाऊबंदकी, कोर्टकज्जे आणि त्यापायी काढलेले कर्ज. मुद्दल बाजूलाच राहिले आणि व्याज वाढत गेले.

यातली एक गोष्ट शेतकऱ्याने नीट ध्यानात घ्यावी. आईचे म्हणणे असे, की थोडी जमीन विकावी, पण कर्जातून मोकळे व्हावे. वडिलांना ते पटेना. वाडवडिलांची जमीन विकायची म्हणजे जीव तुटतो, ते आपल्याला काही वेगळे सांगायला नको. जमीन विकली नाही, कर्जही फिटले नाही. सावकाराचा माणूस वसुलीला दारात येऊन बसू लागला, नको ते बोलू लागला. शेवटी घरादारावर जप्ती आली आणि गावात दवंडी पिटली गेली. ज्या गावात खोत म्हणून मान, त्याच गावात ही पाळी.

त्या माणसांना व्यसन नव्हते, आळस नव्हता. वेळेवर हिशेब केला नाही आणि मोठेपणाचे ओझे खाली ठेवले नाही, एवढेच घडले. कर्ज शेतावर चढते तेव्हा ते आधी माणसाच्या अब्रूवर चढते, हे गुरुजी पोरवयातच शिकले.

आईची काटकसर

घर असे खचत असताना आई यशोदाबाईंनी संसार कसा केला, ते ‘श्यामची आई’त सविस्तर आले आहे. वेगळे व्हावे लागले तेव्हा दुसऱ्याच्या आश्रयाला राहण्यापेक्षा आपली झोपडी बरी, असा त्यांनी हट्ट धरला आणि हातातले सोने काढून दिले. त्यातून लहानसे मातीचे घर उभे राहिले. पुढे अंगात ताप असताना दुसऱ्याचे दळणकांडण केले. एका दिवाळीला भावाने पाठवलेले भाऊबीजेचे पैसे हाती आले. स्वतःचे लुगडे फाटलेले होते, पण त्या पैशांतून त्यांनी नवऱ्यासाठी धोतर आणवले.

आता ही काटकसर म्हणायची की गरिबी? गरिबी तर होतीच. पण गरिबीत पैसा कुठे घालायचा याची निवड आईने केली, तिला काटकसर म्हणायचे. ऋण काढून सण केला नाही आणि आहे त्यातून घरच्या माणसाची लाज राखली.

हाच गुण मुलात उतरला. दापोलीच्या शाळेत असताना धाकट्या भावाचा कोट फाटल्याचे त्याने पाहिले होते. खाऊचे पैसे खर्च न करता त्याने साठवले, गणेशोत्सवासाठी भावाला नवा कोट शिवून घेतला आणि भरल्या ओढ्यानाल्यांतून पावसात चालत घरी नेऊन दिला. गुरुजींची ही पहिली बचत. ती स्वतःसाठी नव्हती. पुढे आयुष्यभर त्यांचा हिशेब असाच राहिला.

अर्धपोटी शिक्षण

दापोलीनंतर शिकायला पैसा नव्हता. गरीब विद्यार्थ्यांची तिथे सोय होते असे कळल्यावरून पोरगा एकटा औंध संस्थानात गेला. स्वतःच्या हाताने भाकरी थापायची आणि अर्धपोटी अभ्यास करायचा. तिथे प्लेगची साथ आली, तेव्हा पुणे गाठले. १९१७ साली आई वारली आणि शेवटची भेटही झाली नाही. तरी १९१८ साली मॅट्रिक, पुढे बी. ए. आणि मग एम. ए. केले. शिक्षणाला लावलेला पैसा कुणी जप्त करू शकत नाही. घर गेले, जमीन गेली, पण हे राहिले.

अमळनेरचा पगार

कोकणातला हा तरुण आपल्या भागात आला तो तत्त्वज्ञानाच्या ओढीने. अमळनेरचे दानशूर उद्योगपती श्रीमंत प्रताप शेठ यांच्या आश्रयाने तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले होते. तिथे अभ्यासासाठी गुरुजी आले आणि १९२४ साली खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिक्षक झाले. तीच पुढे प्रताप हायस्कूल म्हणून नावाला आली. वसतिगृहाचे कामही त्यांच्याकडे आले.

त्या काळात एम. ए. झालेला शिक्षक म्हणजे गावात मोठा माणूस. एकटा जीव, लग्न केलेले नाही, दरमहा बांधलेला पगार. हौस करायला काही हरकत नव्हती. पण गुरुजींचे राहणे साधेच. कपडे मोजके, जेवण बेताचे. पगार हाती आला की कुणाची फी, कुणाची पुस्तके, कुणाचे औषध, यात तो जाई. वसतिगृहातल्या पोरांच्या खोल्या स्वतः झाडायच्या, कपडे धुवायचे, आजाऱ्याच्या उशाशी बसायचे. आपले काम आपण केले म्हणजे एक माणसाची मजुरी वाचते, हा हिशेब त्यात आहेच. पण श्रमाची लाज वाटायची नाही, हा त्याहून मोठा हिशेब. पोरांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे दैनिक हाताने लिहून काढीत. १९२८ साली ‘विद्यार्थी’ मासिकही सुरू केले.

कंजूष माणूसही कमी खातो, फाटके वापरतो. गुरुजीही कमी खात, साधे वापरत. वरून पाहिले तर दोघे सारखेच दिसतील. फरक वाचलेला पैसा कुठे जातो यात आहे. कंजूषाचा पैसा गाडग्यात जातो, काटकसरी माणसाचा पैसा गरजेला उभा राहतो.

धुळ्याचा तुरुंग आणि फैजपूरचा मांडव

१९३० साली मिठाचा सत्याग्रह पेटला. गुरुजींनी चांगली नोकरी सोडली आणि चळवळीत उडी घेतली. धुळ्याच्या तुरुंगात आणि तिथून दूर दक्षिणेत त्रिचनापल्लीच्या तुरुंगात त्यांची रवानगी झाली. १९३२ साली ते पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात होते. विनोबा भावेही तिथेच होते. दर रविवारी विनोबा गीतेवर बोलत आणि गुरुजी ते भराभर उतरून घेत. विनोबांची ‘गीता प्रवचने’ आज घरोघरी आहेत ती त्या लिखाणामुळे. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ अवघ्या पाच दिवसांत लिहून काढले. कैद्याजवळ पैसा नसतो, मालमत्ता नसते. वेळ तेवढा असतो. तो त्यांनी वाया जाऊ दिला नाही. बचत वेळेचीही असते, ती अशी.

डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, खुद्द गांधीजी हजर, देशभरातून माणसे आलेली. ते यशस्वी व्हावे म्हणून गुरुजी खेड्यापाड्यांत पायाला भिंगरी लावून फिरले. चित्रकार नंदलाल बोस यांनी सजावट केली ती बांबू, खादी आणि आसपास मिळणाऱ्या सामानातून. पाहुण्यांत देशाचे पुढारी होते, तरी भपका नव्हता आणि तरीही शोभा होती. आज आपल्याकडे साखरपुड्यालासुद्धा तालुक्याहून मांडव आणि दिव्यांच्या माळा येतात. आपल्याच मातीत झालेले फैजपूरचे ते उदाहरण तेव्हा आठवावे.

शेतसाऱ्याचा लढा

१९३८ साली पूर्व खान्देशात, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यात, अतिवृष्टीने पिके गेली. शेतसारा माफ व्हावा म्हणून गुरुजींनी गावोगाव सभा घेतल्या, मिरवणुका काढल्या, मोर्चे नेले. त्याच वर्षी अमळनेरहून ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिकही सुरू केले. अमळनेर-धुळ्याच्या गिरणी कामगारांचीही बाजू ते घेत.

काटकसर शिकवणारे पुष्कळजण इथेच चुकतात. पीक पाण्यात गेलेल्या शेतकऱ्याला बचत करा म्हणून सांगणे म्हणजे जखमेवर मीठ. जिथे मिळकतच नाही तिथे बचत कशातून करणार? गुरुजींनी स्वतःची गरज कमी केली, पण गरिबाला तुझी भाकरी कमी कर असे सांगितले नाही. त्याच्या हक्काची भाकरी त्याला मिळावी म्हणून ते भांडले. काटकसर ज्याच्यापाशी आहे त्याने करायची, आणि ज्याच्यापाशी नाही त्याच्यासाठी उभे राहायचे. गावच्या कारभाऱ्यांनी, तलाठी-ग्रामसेवक मंडळींनी आणि आम्ही कृषी खात्याच्या माणसांनीही हे मनावर घ्यावे. पंचनामा वेळेवर आणि खरा झाला, तर एखादे घर सावकाराच्या दारातून वाचते.

पुढे मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून त्यांनी दहा दिवस उपोषण केले आणि मंदिर खुले झाले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. ११ जून १९५० रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला. मागे इस्टेट नव्हती. पुस्तके होती आणि माणसे होती.

आपण काय घ्यावे

आता कुणी म्हणेल, गुरुजी फकीर माणूस. आम्हाला बायकापोरे आहेत, म्हातारे आईबाप आहेत, सालदाराचा पगार आहे. सगळे वाटून कसे चालेल? अगदी खरे आहे. शेतकऱ्याने हातचे राखूनच चालले पाहिजे. एक हंगाम बुडाला तर दुसऱ्या पेरणीपुरते बियाणे आणि घरापुरते धान्य कणगीत असलेच पाहिजे. गुरुजींकडून घ्यायचे ते दान नव्हे, हिशेब घ्यायचा.

पहिली गोष्ट, कर्ज कशाला घेतो ते पाहावे. विहीर, ठिबक, बियाणे यांचे कर्ज पिकातून फिटू शकते. मांडवाचे कर्ज मांडवातून कधीच फिटत नाही. शेकडा तीन रुपये महिना दराने ५० हजार उचलले तर वर्षाचे व्याज १८ हजार होते. मुद्दल जागच्या जागी. हेच पीककर्ज सोसायटीतून किंवा बँकेतून काढून मुदतीत भरले तर व्याजात सवलत मिळते.

दुसरी गोष्ट, पावती. महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारी नियमनाचा कायदा आहे. परवाना नसताना सावकारी करता येत नाही. दिलेल्या प्रत्येक पैशाची पावती मागावी. तक्रार असेल तर सहकार खात्याच्या निबंधक कचेरीत करावी, घाबरू नये.

तिसरी गोष्ट, एक साधी वही. आलेला पैसा एका पानावर, गेलेला दुसऱ्या पानावर. ती वही घरधनिणीलाही दाखवावी. पालगडच्या त्या घरात आईचे वेळेवर ऐकले असते, तर कदाचित दवंडी पिटली गेली नसती. आज गावोगाव बचतगटांत आपल्या बाया महिन्याच्या महिन्याला पैसा भरतात, हप्ता चुकवत नाहीत. त्यांचा सल्ला घेण्यात कमीपणा कसला?

आणि शेवटची गोष्ट, बचतीला नाव द्यावे. नुसते पैसे साठवा म्हटले तर साठत नाहीत. धाकट्या भावाचा कोट म्हटले की साठतात. पोरीची कॉलेजची फी, आईच्या डोळ्याचे ऑपरेशन, नवी बैलजोडी, काहीही असो. ज्याच्यासाठी साठवायचे तो माणूस डोळ्यापुढे असला, की चहा-पान-गुटख्याला जाणारा हात आपोआप मागे येतो.

येत्या लग्नसराईत मांडव जरूर घाला, पोरीला आनंदाने सासरी पाठवा. फक्त त्याआधी वही उघडा आणि पेरणीचे पैसे बाजूला काढून ठेवा.