रावबहादूर सीताराम केशव बोले

भंडारी ज्ञातीत जन्मास येऊन साऱ्या दीनजनांच्या कामी आलेले रावबहादूर बोले यांचे पुण्यस्मरण करणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. ज्ञातिसेवा व गिरणी कामगारांची सेवा करीत ते मुंबई कायदे कौन्सिलात गेले. सार्वजनिक खर्चाचे पाणवठे, धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य बंधूंस खुले करावे, हा त्यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. सरकारने खात्यांस हुकूम धाडले. परंतु अनेक नगरपालिका व लोकल बोर्डे स्वस्थ बसली. महाड नगरपालिकेचा तळे खुले करण्याचा ठरावही कागदावरच राहिला. बोले मात्र स्वस्थ बसले नाहीत. १९२६ साली त्यांनी कौन्सिलात हा विषय पुन्हा काढला व ठराव न पाळणाऱ्या संस्थांची सरकारी ग्रँट बंद करावी, असा दुसरा ठराव मांडला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून जो हक्क बजावला, त्याच्या मुळाशी बोले यांचाच ठराव होता.

१९६१ साली ते निवर्तले. ठराव करणे सोपे. त्याचे पुढे काय झाले, हे सरकारास विचारीत राहणे कठीण. ज्ञातीच्या सभांतूनही आम्ही पुष्कळ ठराव करतो. तरुणांनी बोले यांचा हा चिवटपणा उचलावा, एवढीच प्रार्थना.