डॉ. भाऊ दाजी लाड आणि मुंबईचे वस्तुसंग्रहालय

बंदर म्हणून भरभराटीस आलेल्या मुंबई नगरीच्या सार्वजनिक जीवनाचा पाया ज्या एतद्देशीय धुरीणांनी एकोणिसाव्या शतकात घातला, त्यांत गोमंतकाचे सुपुत्र डॉ. भाऊ दाजी लाड यांचे स्थान अग्रगण्य आहे. पेडणे महालातील मांद्रे हे त्यांचे जन्मगाव व रामकृष्ण विठ्ठल हे त्यांचे मूळ नाव. सारस्वत कुळात, सामान्य परिस्थितीत जन्मलेला हा बालक विद्यार्जनासाठी मुंबईस आला आणि बुद्धीच्या जोरावर एल्फिन्स्टन संस्थेत नावारूपास आला. कच्छ-काठेवाडातील बालिकाहत्येच्या दुष्ट रूढीवर त्यांनी लिहिलेल्या निबंधास पारितोषिक लाभले. काही काळ अध्यापन केल्यावर १८४५ साली सुरू झालेल्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला. १८५१ साली तेथून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत त्यांचा समावेश होता.

त्यांच्या हाताला यश होते. धनिकांकडून मिळणाऱ्या द्रव्याचा मोठा भाग ते गोरगरिबांचे औषधोपचार, मुलींच्या शाळा व विद्याव्यासंग यांवर वेचीत. कडू कवठाच्या तेलाने महारोगावर उपचार करण्याचे त्यांचे प्रयोग त्या काळी विशेष गाजले. १८५२ साली स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते चिटणीस होते. १८३३ साली बांधून पूर्ण झालेल्या टाऊन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीची बैठक भरे. गिरनारचे शिलालेख, अजिंठ्याचे लेख, कालिदास व आर्यभट यांचा काळ अशा विषयांवर त्यांनी संशोधनपर निबंध लिहिले. जुनागढच्या भगवानलाल इंद्रजी यांना मुंबईस आणून संशोधनाच्या मार्गास लावणारेही तेच.

मुंबईत एक लहानसे वस्तुसंग्रहालय किल्ल्यातील बराकीत मांडलेले होते. १८५७ च्या धामधुमीत लष्करास जागा हवी झाली आणि तो संग्रह घाईघाईने बाहेर काढण्यात आला. त्यात त्याची बरीच हानी झाली. तेव्हा नगरीस शोभेल असे स्वतंत्र संग्रहालय व सार्वजनिक उद्यान उभारावे, या विचाराने डॉ. जॉर्ज बर्डवुड, नामदार जगन्नाथ शंकरशेट व डॉ. भाऊ दाजी यांनी पुढाकार घेतला. नागरिकांकडून वर्गणी जमविण्याच्या कामी भाऊंनी आपला लौकिक पणास लावला. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी भायखळा येथे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसविण्यात आली.

ते दिवस अमेरिकेतील यादवी युद्धाचे होते. विलायतेस तिकडचा कापूस मिळेनासा झाल्याने मुंबई बंदरातून निघणाऱ्या कापसाला सोन्याचा भाव आला व शहरात शेअरांचे वेड पसरले. १८६५ साली युद्ध थांबताच कापसाचे भाव कोसळले आणि पेढ्या बुडाल्या. त्या पुरात भाऊंची स्वकष्टार्जित संपत्तीही वाहून गेली. त्याच वर्षी नामदार शंकरशेट निवर्तले. वर्गणीदारांपैकी अनेकांचे दिवाळे वाजल्याने इमारतीचे काम रखडले आणि ते सरकारच्या साहाय्याने तडीस न्यावे लागले.

संपत्ती गेली तरी लोकांचा विश्वास ढळला नाही. १८६९ व १८७१ अशी दोन वेळा त्यांना मुंबईच्या शेरीफपदाचा मान मिळाला. २ मे १८७२ रोजी संग्रहालय व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट या नावाने लोकांस खुले झाले. आपण ज्यासाठी दारोदार हिंडलो ती वास्तू पूर्ण झालेली भाऊंना पाहावयास मिळाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८७४ च्या मे महिन्यात, त्यांचे निधन झाले.

शंभर वर्षे ती वास्तू परक्या राजघराण्याच्या नावाने ओळखली गेली. १९७५ साली तिला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. पुढे तिची जीर्णावस्था ओळखून महानगरपालिकेच्या सहकार्याने जीर्णोद्धार हाती घेण्यात आला. २००५ साली त्या कामास युनेस्कोचा पुरस्कार लाभला आणि २००८ साली दालने पुन्हा खुली झाली. भाऊंनी मिळविलेले धन त्यांच्या हयातीतच नाहीसे झाले. समाजासाठी त्यांनी चार लोकांच्या साहाय्याने उभे केलेले कार्य मात्र जिजामाता उद्यानाच्या शेजारी आजही उभे आहे, आणि मांद्रे गावच्या या सुपुत्राचे नाव तेथे येणाऱ्या प्रत्येकाच्या दृष्टीस पडते.