केरूनाना छत्रे : पंचांगातली ‘चार अंशांची’ गडबड शोधणारे गणिती

संगणकात कधी कधी आकडे बरोबर असतात, तरी उत्तर चुकतं. दोन याद्यांतले आकडे वेगवेगळ्या प्रकारचे असतात आणि ते एकाच साच्यात घातले जातात. संगणक यायच्या कितीतरी आधी महाराष्ट्रात असाच घोळ निस्तरायला एक माणूस बसला होता. तेव्हा प्रश्न पंचांगाचा होता.

निमगाव केतकी असो की पुणे, सण-मुहूर्त पंचांगावरच ठरायचे. त्यामागचं गणित बहुतेक ठिकाणी गणेश दैवज्ञांच्या १५२० सालच्या ‘ग्रहलाघव’ ग्रंथाचं होतं. ग्रंथ सोपा होता, पण सव्वातीनशे वर्षांत बारीक चुका साठत गेल्या. पंचांगातला ग्रह आणि आकाशातला ग्रह यांचा मेळ बसेना.

केरो लक्ष्मण छत्रे यांचा जन्म १८२५ मध्ये अलिबागजवळच्या नागावचा. मुंबईत ते बाळशास्त्री जांभेकरांच्या हाताखाली शिकले, कुलाबा वेधशाळेत नोकरी केली आणि पुढे पुण्यात गणित शिकवू लागले. त्यांच्या विद्यार्थ्यांमध्ये लोकमान्य टिळकही होते.

१८६० मध्ये त्यांचं ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हे पुस्तक आलं. आधार युरोपातल्या नव्या कोष्टकांचा होता. अडचण इथेच होती. ती कोष्टकं ग्रहाचं स्थान वसंतसंपातापासून मोजतात, म्हणजे सायन. आपलं पंचांग ते ताऱ्यांमधल्या स्थिर बिंदूपासून मोजतं, म्हणजे निरयन. एकातून दुसऱ्यात जायचं तर अयनांश वजा करावे लागतात.

पण अयनांश नेमके किती? ग्रहलाघवाच्या पद्धतीत शके ४४४ हे शून्य वर्ष आणि दरवर्षी एक कला वाढ. त्यानुसार १८६० मध्ये अयनांश सुमारे २२ अंश येतात. केरूनानांनी रेवतीचा एक तारा आरंभबिंदू धरला, शून्य वर्ष शके ४९६ मानलं. उत्तर आलं सुमारे १८ अंश. फरक चार अंशांचा!

गंमत म्हणजे हा फरक तिथीत दिसतच नाही. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातलं अंतर. दोघांतून सारखेच अंश वजा झाले की अंतर तेवढंच राहतं. फरक दिसतो तो नक्षत्रात आणि संक्रांतीत. सूर्य दिवसाला साधारण एक अंश सरकतो, म्हणून संक्रांत चार दिवस आधी येते. कधी कधी अधिक महिनाही बदलतो, आणि मग सणच महिनाभर इकडेतिकडे होतात.

१८६५ पासून आबासाहेब पटवर्धनांच्या मदतीने केरूनानांचं पंचांग छापून येऊ लागलं. ते ‘पटवर्धनी पंचांग’ म्हणून ओळखलं गेलं. लोकांनी मात्र घरातलं जुनं पंचांग सहजासहजी सोडलं नाही.

१८८४ मध्ये केरूनाना गेले. त्यांची बाजू पुढे टिळकांनी उचलून धरली. म्हणूनच टिळक पंचांगात मकरसंक्रांत आजही १० जानेवारीच्या आसपास असते, आणि आपण तिळगूळ वाटतो १४ किंवा १५ तारखेला.