रोझेनवाल्ड यांचे पैसे, गावकऱ्यांची शाळा

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला आणि तो अमेरिकेतील गुलामांना दास्यातून सोडविणाऱ्या तेथील सज्जनांना अर्पण केला. चळवळीतल्या वाचकांना ही गोष्ट तोंडपाठ आहे. परंतु त्या सुटलेल्या गुलामांच्या मुलानातवंडांचे पुढे काय झाले, ती कोणत्या शाळेत शिकली, त्या शाळा कोणी बांधल्या, याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. बुकर टी. वॉशिंग्टन यांचे नाव आपण ऐकलेले असते. ज्या माणसाच्या पैशाने वॉशिंग्टन यांची खेड्यातील शाळांची योजना अलाबामाची हद्द ओलांडून पंधरा राज्यांत गेली, त्या ज्युलियस रोझेनवाल्ड यांचे नाव मात्र क्वचितच कुणाला माहीत असते.

रोझेनवाल्ड यांचा जन्म १२ ऑगस्ट १८६२ रोजी इलिनॉय राज्यातील स्प्रिंगफिल्ड येथे झाला. अब्राहम लिंकन यांचे घर तेथून हाकेच्या अंतरावर होते. आईवडील जर्मनीतून आलेले ज्यू. वडिलांनी अमेरिकेत आल्यावर फेरीवाल्याचा धंदा केला आणि पुढे कपड्यांचे दुकान थाटले. ज्युलियस यांनी हायस्कूल अर्ध्यावर सोडले आणि ते न्यूयॉर्कला मामांच्या कपड्यांच्या पेढीत धंदा शिकायला गेले. कॉलेजची पायरी ते कधी चढले नाहीत. १८९५ साली त्यांनी मेहुण्याच्या जोडीने सीअर्स, रोबक या कंपनीत भागीदारी घेतली. ही कंपनी जाडजूड कॅटलॉग छापून टपालाने माल विकत असे. सुईपासून नांगरापर्यंत सगळे त्यात होते. दक्षिणेतील कृष्णवर्णीय शेतकऱ्याला गोऱ्या दुकानदारापुढे ताटकळत उभे न राहता, त्याची बोलणी न खाता याच कॅटलॉगमधून वस्तू मागवता येत. १९०८ साली रोझेनवाल्ड कंपनीचे अध्यक्ष झाले आणि देशातील बड्या श्रीमंतांत गणले जाऊ लागले.

त्याच १९०८ साली त्यांच्या जन्मगावी, लिंकनच्या स्प्रिंगफिल्डमध्ये, गोऱ्यांच्या जमावाने कृष्णवर्णीयांची घरे जाळली, माणसे मारली. या दंगलीतूनच पुढच्या वर्षी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी एन.ए.ए.सी.पी. ही संघटना उभी राहिली. रशियात ज्यूंच्या वस्त्यांवर होणारे हल्ले रोझेनवाल्ड यांना माहीत होते. आपल्या जातभाईंवर तिकडे जे होते तेच इकडे दुसऱ्यांवर होत आहे, हे त्यांना दिसले. स्वतःच्या समाजाचे दुःख माहीत असलेल्या प्रत्येकाला दुसऱ्याचे दुःख दिसतेच असे नाही. उलट अनुभव आपल्याला रोज येतो. म्हणून ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे.

१९१० साली त्यांच्या वाचनात बुकर टी. वॉशिंग्टन यांचे आत्मचरित्र आले. त्याच वर्षी त्यांनी जाहीर केले की, ज्या शहरात कृष्णवर्णीयांसाठी वाय.एम.सी.ए.ची इमारत बांधायला लोक ७५ हजार डॉलर जमवतील, तेथे आपण २५ हजार डॉलर घालू. अशा सुमारे पंचवीस इमारती उभ्या राहिल्या. शिकागोतील त्यांपैकी एका इमारतीत १९१५ साली कार्टर वुडसन यांनी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा अभ्यास करणारी संस्था स्थापन केली. आज अमेरिकेत फेब्रुवारीत जो कृष्णवर्णीय इतिहास महिना पाळतात, त्याचे मूळ या संस्थेत आहे.

१९११ मध्ये वॉशिंग्टन आणि रोझेनवाल्ड यांची भेट झाली. रोझेनवाल्ड अलाबामातील टस्कीगी संस्था पाहून आले आणि १९१२ साली तिचे विश्वस्त झाले. त्याच वर्षी आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी त्यांनी सुमारे सात लाख डॉलरच्या देणग्या जाहीर केल्या. टस्कीगीच्या वाट्याला आलेल्या २५ हजारांपैकी २,८०० डॉलर शिल्लक उरले. या उरलेल्या पैशातून खेड्यातील मुलांसाठी काही शाळा बांधून पाहाव्यात, अशी परवानगी वॉशिंग्टन यांनी मागितली आणि १९१३-१४ मध्ये टस्कीगीच्या आसपास सहा शाळा उभ्या राहिल्या. पहिली लोचापोका या गावी.

याच वेळी, जुलै १९१३ मध्ये, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले होते. अमेरिकेच्या उत्तरेकडील विद्यापीठात एक अस्पृश्य विद्यार्थी अर्थशास्त्र शिकत होता आणि दक्षिणेत गुलामांची नातवंडे पहिल्यांदाच फळा, बाके आणि खिडक्या असलेल्या शाळेत बसत होती. तोपर्यंत त्यांचे वर्ग कुठे चर्चमध्ये, कुठे गळक्या खोपटात भरत. सरकारी पैसा गोऱ्या मुलांच्या शाळांवर जाई आणि उरलासुरला त्यांच्या वाट्याला येई. कर मात्र दोघांकडूनही घेतला जाई.

आता ही योजना चालायची कशी, ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण खरी गंमत तेथेच आहे. सीअर्स कंपनीच्याच मालातून तयार शाळा पाठवता येतील, असाही एक विचार सुरुवातीला पुढे आला होता. वॉशिंग्टन यांनी तो मानला नाही. गावातले लाकूड, गावातले सुतार, गावातले हात लागले तरच शाळा गावाची होईल, असे त्यांचे मत होते. मग नियम असा ठरला की गावकऱ्यांनी आपला हिस्सा आधी उभा करायचा. पैसे नसतील तर जमीन, लाकूड, श्रम. त्यानंतर रोझेनवाल्ड यांची रक्कम मिळायची. आणि सर्वात महत्त्वाची अट ही की, इमारत व जमीन सरकारी शिक्षण मंडळाच्या नावे करायची आणि ती शाळा मंडळाने चालवायची, शिक्षकाचा पगार मंडळाने द्यायचा. म्हणजे ज्या गोऱ्या अधिकाऱ्याने आजवर कृष्णवर्णीय मुलाकडे ढुंकून पाहिले नव्हते, त्याच्या वहीत ही शाळा चढली. उद्या तो नाही म्हणू शकत नव्हता.

गावकऱ्यांनी काय काय केले! कोणी शेताचा एक तुकडा शाळेसाठी राखून त्यात कापूस पेरला आणि त्याचे पैसे शाळेला दिले. बायकांनी कोंबड्या विकल्या, जेवणाचे डबे करून लिलावात विकले. अलाबामातील बोलिजी या गावच्या सभेतली एक हकिकत त्या वेळच्या अहवालात आहे. गुलामीचे दिवस स्वतः पाहिलेला एक म्हातारा पुढे आला, खिशातून मळकी थैली काढली आणि टेबलावर उपडी केली. त्यात अडतीस डॉलर होते. जन्मभराची कमाई. त्याला स्वतःला शाळा मिळाली नव्हती, पण नातवंडांना मिळावी एवढीच त्याची इच्छा होती.

वॉशिंग्टन नोव्हेंबर १९१५ मध्ये वारले. काम थांबले नाही. १९१७ साली रोझेनवाल्ड यांनी आपल्या नावाचा फंड स्थापन केला. सुरुवातीला तो घरच्या घरी चालणारा कौटुंबिक ट्रस्ट होता. पत्नी ऑगस्टा आणि मुले त्यात होती. १९२० मध्ये शाळांचे काम टस्कीगीहून नॅशव्हिलला हलले. इमारतींचे नकाशे छापून वाटले जाऊ लागले. खेड्यात वीज नव्हती, म्हणून खिडक्या उंच आणि ओळीने घ्यायच्या, इमारतीचे तोंड असे ठेवायचे की वर्गात पूर्वेचा व पश्चिमेचा उजेड यावा, इतका बारकाईचा विचार त्या नकाशांत होता. सुरुवातीचे नकाशे टस्कीगीत तयार झाले. तेथे रॉबर्ट टेलर हे कृष्णवर्णीय वास्तुविशारद होते. एम.आय.टी. या नामांकित संस्थेतून पदवी घेणारे ते पहिले कृष्णवर्णीय.

१९३२ साली बांधकाम थांबले तेव्हा हिशेब असा होता : ४,९७७ शाळा, शिक्षकांसाठी २१७ घरे, १६३ कार्यशाळा. पंधरा राज्यांतील ८८३ कौंटींमध्ये. साडेसहा लाखांहून अधिक मुले बसतील एवढी जागा. १९२८ पर्यंत दक्षिणेतील खेड्यापाड्यांतल्या कृष्णवर्णीयांच्या दर पाच शाळांमागे एक रोझेनवाल्ड शाळा होती आणि एक तृतीयांश मुले तिच्यात शिकत होती. एकूण खर्च सुमारे २ कोटी ८४ लाख डॉलर. त्यातला फंडाचा वाटा ४३ लाख, गोऱ्या देणगीदारांचा १२ लाख, सरकारचा १ कोटी ८१ लाख आणि कृष्णवर्णीय गावकऱ्यांचा ४७ लाख. म्हणजे कोट्यधीश शेठपेक्षा कापूस वेचणाऱ्या मजुरांनी जास्त दिले. शाळांना रोझेनवाल्ड यांचे नाव द्यावे, अशी त्यांची अट नव्हती. लोकच त्या नावाने ओळखू लागले. पुढे लोकसभेत गेलेले, म्हणजे तेथील काँग्रेसचे सदस्य झालेले जॉन लुईस आणि लेखिका माया अँजेलो अशाच शाळांत शिकले.

आता दुसरी बाजू. या शाळा वेगळ्याच राहिल्या. गोरे एकीकडे, काळे एकीकडे ही व्यवस्था रोझेनवाल्ड यांनी मोडली नाही, तिच्या आत राहून काम केले. वॉशिंग्टन यांचा भर हातकामाच्या शिक्षणावर होता आणि डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांनी त्यावर आयुष्यभर टीका केली. ती टीका खोटी नव्हती. कर भरूनही पुन्हा वर्गणी काढून शाळा बांधायला लावणे हा दुहेरी कर होता, असे इतिहासकारांनी पुढे म्हटले, आणि तेही खरे आहे. ज्या सीअर्स कंपनीच्या नफ्यातून हा पैसा येत होता, त्या कंपनीत कृष्णवर्णीयांना नोकऱ्या फारशा मिळत नव्हत्या. शाळेसाठी दान आणि कारखान्याचे दार बंद, हा विरोधाभास शेठजींना का खुपला नाही, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. आणखी एक जखम आहे. फंडाने टस्कीगीच्या परिसरात गरमी या रोगावर उपचाराचा प्रयोग सुरू केला होता. मंदीत पैसा आटला, फंडाने हात काढला आणि १९३२ पासून सरकारी आरोग्य खात्याने तेथेच कृष्णवर्णीय रुग्णांना उपचार न देता केवळ त्यांच्यावर नजर ठेवण्याचा अमानुष अभ्यास केला. तो १९७२ पर्यंत चालला. हे पाप फंडाचे नव्हे, सरकारचे. पण देणगीवर उभे असलेले औषध देणगीबरोबर जाते, हे त्यातून दिसते.

असे असूनही मला रोझेनवाल्ड यांचा एक निर्णय फार मोलाचा वाटतो. कायमस्वरूपी ट्रस्टवर त्यांचा विश्वास नव्हता. मेलेल्या माणसाने पुढच्या पिढ्यांचे पैसे अडवून ठेवू नयेत, संस्थेचे व्यवस्थापन सुस्त होते, काम संपले तरी कचेरी उरते, असे त्यांचे म्हणणे होते आणि १९२९ साली एका नामांकित मासिकात लेख लिहून त्यांनी ते मांडलेही. १९२८ मध्ये फंडाची पुनर्रचना करताना त्यांनी घरच्यांबरोबर बाहेरचे जाणकार विश्वस्त घेतले, एडविन एम्ब्री यांच्याकडे सूत्रे दिली आणि अट घातली की आपल्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांच्या आत मुद्दलासह सगळा पैसा खर्च झाला पाहिजे. आपल्याकडे शिक्षणसंस्था म्हणजे आजोबांनी काढायची, मुलाने चालवायची आणि नातवाने वाटून घ्यायची मालमत्ता झाली आहे. बहुजनांच्या नावाने काढलेल्या संस्थाही याला अपवाद नाहीत. त्या पार्श्वभूमीवर ही अट पुन्हा एकदा वाचावी.

रोझेनवाल्ड ६ जानेवारी १९३२ रोजी वारले. जन्मभरात त्यांनी सहा कोटींहून अधिक डॉलर दिले. त्यांच्या मागे फंडाने विद्यार्थी, लेखक, कलावंत व संशोधक यांना शिष्यवृत्त्या देण्याचे काम नेटाने चालवले. ते १९२८ मध्येच सुरू झाले होते. गायिका मारियन अँडरसन, चित्रकार जेकब लॉरेन्स, कादंबरीकार राल्फ एलिसन, पुढे १९५० साली शांततेचे नोबेल मिळवणारे राल्फ बंच, सगळे या यादीत आहेत. जेम्स बाल्डविन यांनी तर या पैशातूनच पॅरिसचे तिकीट काढले. आणि टस्कीगीच्या मार्गाचे कडवे टीकाकार द्यु बॉइस? गुलामी संपल्यानंतरच्या काळावरचा त्यांचा १९३५ सालचा मोठा ग्रंथही या फंडाच्या साहाय्याने लिहिला गेला. याच द्यु बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची माहिती मागवली होती.

केनेथ आणि मेमी क्लार्क या जोडप्याला मिळालेली शिष्यवृत्ती सर्वात दूरवर गेली. हे दोघे बाबासाहेबांच्याच कोलंबिया विद्यापीठाचे डॉक्टरेट. त्यांनी लहान मुलांपुढे काळ्या आणि गोऱ्या बाहुल्या ठेवल्या. बऱ्याच कृष्णवर्णीय मुलांनी गोरी बाहुली चांगली आणि काळी वाईट ठरवली. वेगळी शाळा मुलाच्या मनात काय पेरते, याचा तो पुरावा होता. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तेव्हा क्लार्क यांच्या संशोधनाचा उल्लेख निकालाच्या तळटीपेत आला. वेगळ्या शाळा बांधणाऱ्याच्या पैशाने वेगळ्या शाळांविरुद्धचा पुरावा उभा राहिला होता.

निकालानंतर एकत्रीकरण झाले ते मात्र गोऱ्यांच्या सोयीने. कृष्णवर्णीयांच्या शाळा बंद केल्या गेल्या, त्यांच्या हजारो शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. इमारती ओस पडल्या, काहींत गवताच्या गंजी रचल्या गेल्या. २००२ साली वारसा जतन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने रोझेनवाल्ड शाळांचा समावेश देशातील सर्वाधिक धोक्यात असलेल्या वास्तूंमध्ये केला. पाच हजारांतल्या सुमारे पाचशे आज उभ्या आहेत. कितीतरी ठिकाणी जुन्या विद्यार्थ्यांनीच वर्गणी काढून त्या दुरुस्त केल्या आणि तेथे समाजमंदिर किंवा संग्रहालय चालवले. जानेवारी २०२१ मध्ये या शाळांचे राष्ट्रीय स्मारक करता येईल का, याचा अभ्यास करण्याचा कायदा झाला. रोझेनवाल्ड फंडाने स्वतःचे दार १९४८ सालीच बंद केले होते, मुदतीच्या नऊ वर्षे आधी आणि तिजोरी रिकामी करून.