विश्लेषण : योनीतील ‘पहारेकरी’ जिवाणू शोधणारे डोडरलाइन आयव्हीएफच्या चर्चेत कसे आले?

आयव्हीएफ करूनही गर्भ का राहत नाही? याचे एक उत्तर सध्या योनिमार्गातील जिवाणूंमध्ये शोधले जात आहे. हा धागा १३० वर्षे मागे, आल्बर्ट डोडरलाइन या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञापर्यंत जातो.

त्यांचा जन्म १८६० मध्ये आउग्सबुर्गचा. शिक्षण एर्लांगेनला, पुढे काम लाइपझिगला. तेव्हा बाळंतरोगाची धास्ती मोठी होती. डॉक्टरांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुतले तर मृत्यू घटतात, हे सेमेलवाइस यांनी व्हिएन्नात १८४७ मध्येच दाखवले होते. तरीही बाळंतिणी तापाने दगावतच होत्या. मग जंतू बाईच्या अंगातूनच येतात का, असा वाद पेटला. काही डॉक्टर तर बाळंतपणाआधी योनिमार्ग जंतुनाशकाने धुऊन काढत.

डोडरलाइन यांनी गरोदर स्त्रियांच्या योनिस्रावाचे नमुने थेट सूक्ष्मदर्शकाखाली नेले. निरोगी स्रावात त्यांना काडीसारखे लांबट जिवाणू दिसले. दूध विरजणाऱ्या जिवाणूंप्रमाणेच ते लॅक्टिक आम्ल तयार करत. पू करणारे स्टॅफिलोकोकस या आम्लापुढे टिकत नसत. हे सारे १८९२ मध्ये ग्रंथरूपाने आले. रॉबर्ट कॉख यांच्या क्षय आणि कॉलऱ्यावरील शोधांनी ‘जिवाणू म्हणजे रोग’ हे समीकरण घट्ट केलेले असताना, अंगातला जिवाणू राखणही करतो हे सांगणे धाडसाचेच होते. वाटेल तेव्हा आतून जंतुनाशकाने धुण्याची सवय आजही का वाईट, त्याचे कारणही यातच आहे.

पुढे ग्रोनिंगेन, ट्युबिंगेन आणि १९०७ पासून म्युनिक अशी त्यांची प्राध्यापकी झाली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर रेडियमचे उपचार करणाऱ्या सुरुवातीच्या डॉक्टरांतही ते होते. १९४१ मध्ये त्यांचे निधन झाले. पहिले आयव्हीएफ बाळ जन्मले त्यानंतर ३७ वर्षांनी.

मग आयव्हीएफशी संबंध काय?

‘डोडरलाइन बॅसिलस’ हा एकच जिवाणू नाही, हे नंतर कळले. तो लॅक्टोबॅसिलसच्या अनेक जातींचा गट आहे. त्यातील क्रिस्पॅटस भरवशाचा, तर आयनर्स काहीसा बेभरवशाचा मानला जातो. स्पेनमधील संशोधकांनी २०१६ मध्ये आयव्हीएफ करणाऱ्या ३५ स्त्रियांचे गर्भाशयातील नमुने तपासले. लॅक्टोबॅसिलस ९० टक्क्यांहून कमी असलेल्यांत गर्भ रुजण्याचे प्रमाण कमी आढळले. अभ्यास लहान होता, पण चर्चा मोठी झाली.

अडचण पुढेच आहे. जिवाणूंचा समतोल बिघडणे हे अपयशाचे कारण, की केवळ सोबत दिसणारी खूण? डेन्मार्कमधील चाचणीत असा बिघाड असलेल्या स्त्रियांना आधी प्रतिजैविक आणि नंतर क्रिस्पॅटस देऊन पाहिले. गर्भधारणेचे प्रमाण वाढले नाही. त्यामुळे आयव्हीएफच्या खर्चात जिवाणू-तपासणी आणि प्रोबायोटिकची भर घालण्याआधी, त्याने उपचारात नेमके काय बदलणार, हे जोडप्याने डॉक्टरांना विचारून घेतलेले बरे. दुर्गंधी, खाज किंवा अंगावरून वेगळेच पाणी जात असेल, तर मात्र तपासणी लांबवू नये; तो संसर्ग असू शकतो आणि त्यावर औषध आहे.