आधी बाईला विचारा!

मैत्रिणींनो, आमच्याकडे ओटा बांधला तेव्हा गवंड्यानं उंची विचारली ती ह्यांना! आता पोळ्या लाटताना खांदे भरून येतात, की मला लिलियन गिलब्रेथ आठवते.

१८७८ साली अमेरिकेत ऑकलंडला जन्मलेली ही बाई. १९०४ मध्ये फ्रँक गिलब्रेथशी लग्न झालं. कामगारांच्या हालचालींचं चित्रीकरण करून फुकटचे श्रम वाचवायचे, हा दोघांचा व्यवसाय. लेकुरवाळी असतानाच तिनं १९१५ मध्ये मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. १९२४ मध्ये फ्रँक अचानक गेला. पदरी अकरा मुलं, आणि एकट्या बाईला काम द्यायला बरेच कारखानदार तयार होईनात. मग ती बायकांच्या रोजच्या वस्तूंकडे वळली.

तिची रीत मला फार पटते. आपण सांगतो एक आणि सवयीनं करतो दुसरंच, नाही का? म्हणून ती नुसतं विचारून थांबली नाही. सॅनिटरी नॅपकिनच्या १९२७ च्या अहवालासाठी तिनं हजारावर जणींची मतं घेतली, शिवाय बाजारातले नॅपकिन आणून तपासले. स्वयंपाकघरात तर बाईची पावलं मोजली, आणि ओट्याची उंची तिच्या उंचीप्रमाणेच हवी, असं बजावलं.

१९३५ मध्ये ती पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक झाली. १९७२ मध्ये, ९३ व्या वर्षी गेली.

मी सध्या पायाखाली पाट घेते. तुमचा ओटा व्हायचाय ना? मग आधी पोळपाट ठेवून, स्वतः उभं राहून बघा. आणि गवंड्याशी तुम्हीच बोला!