आघाडीची फळी बांधणारे मास्तर

विद्यार्थी मित्रहो, मधल्या सुट्टीत मैदानावर फुटबॉल सुरू झाला की एक दृश्य हमखास दिसते. चेंडू ज्याच्या पायात येतो तो एकटाच गोलकडे धावत सुटतो. बाकीचे पास मागत ओरडत राहतात. शेवटी समोरचा कोणीतरी चेंडू काढून घेतो आणि घंटा होईपर्यंत चूक कोणाची यावर भांडण चालते. हे पाहताना आम्हाला आपल्याच शहरातील एका शाळामास्तरांची आठवण होते. नेमक्या याच दोषावर त्यांनी आयुष्यभर औषध शोधले आणि एका हरणाऱ्या संघाला आशियात अव्वल करून दाखवले. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. २०२४ मध्ये त्यांच्या जीवनावर ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट आला आणि नव्या पिढीला त्यांचे नाव कळले. जुन्या हैदराबादकरांना मात्र ते ‘रहीमसाहेब’ म्हणून आधीपासूनच माहीत होते.

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. उस्मानिया विद्यापीठातून त्यांनी पदवी घेतली. विद्यार्थिदशेत ते स्वतः उत्तम फुटबॉल खेळत. पुढे त्यांनी शिक्षकी पेशा पत्करला. आपल्यातील कित्येक कुटुंबांचा ज्या भागाशी जुना संबंध आहे, त्या काचीगुड्याच्या शाळेत आणि चादरघाटच्या हायस्कूलमध्ये त्यांनी शिकवले. शारीरिक शिक्षणाची पदविकाही मिळवली. १९४३ मध्ये हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिवपद त्यांच्याकडे आले आणि १९५० च्या सुमारास हैदराबाद सिटी पोलीस संघाच्या प्रशिक्षणाची जबाबदारी आली. पण मैदानावर उतरले तरी त्यांच्यातला मास्तर कधी सुटला नाही. खेळ हा पाठीवर थाप मारून नव्हे, तर धडा शिकवल्यासारखा पायरीपायरीने शिकवायचा असतो, अशी त्यांची समजूत होती.

त्या काळी आपल्याकडे चेंडू पायात खेळवत चार जणांना चकवून जाणारा खेळाडू सर्वात मोठा मानला जाई. प्रेक्षकही त्यालाच टाळ्या देत. रहीमसाहेबांना त्यातला धोका दिसला. त्यांनी मुलांसाठी अशा स्पर्धा भरवल्या, ज्यांत चेंडू घेऊन पळायलाच बंदी होती. चेंडू आला की लगेच सोबत्याला द्यायचा. काही सामन्यांत फक्त कमजोर पाय वापरायचा. म्हणजे उजव्या पायाने खेळणाऱ्याने डाव्या पायानेच चेंडू मारायचा. वयोगटाप्रमाणे स्पर्धा घेण्यावरही त्यांचा भर होता. या तालमीतून तयार झालेल्या पोलीस संघाने मुंबईचा रोव्हर्स करंडक १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षे जिंकला. मुंबईकरांनी हैदराबादचा फुटबॉल तेव्हा डोळे भरून पाहिला.

१९५१ मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई खेळांत रहीमसाहेबांच्या मार्गदर्शनाखाली भारताने इराणला १-० ने हरवून सुवर्णपदक मिळवले. देशभर आनंद झाला. पण पुढच्याच वर्षी डोळ्यांत अंजन घालणारा प्रसंग आला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. त्या थंडीत आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळत होते. आपल्याकडचे सामने ७० मिनिटांचे, तिकडे ९० मिनिटांचे, त्यामुळे दमही पुरला नाही. पुढे बूट सक्तीचे झाले. परंतु रहीमसाहेबांना बुटांपलीकडचे कारणही दिसले होते. आपली आघाडीची फळीच जुनी झाली होती.

ते थोडक्यात समजून घेऊ. जुन्या पद्धतीत पाच आघाडीचे खेळाडू एका ओळीत उभे असत. प्रत्येकाची जागा ठरलेली, त्यामुळे त्याला कोणी अडवायचे हेही प्रतिस्पर्ध्याला आधीच माहीत असे. १९५३ मध्ये हंगेरीने लंडनला जाऊन इंग्लंडला ६-३ असे हरवले, तेव्हा त्यांचा मधला आघाडीवीर मुद्दाम मागे सरकून खेळला. त्याला अडवणारा बचावपटू गोंधळला. मागे गेला तर त्याची जागा मोकळी, जागेवर थांबला तर आघाडीवीर मोकळा! रहीमसाहेबांनी ही युक्ती ओळखून आपल्या संघात आणली. पण अशी फळी चालायची तर प्रत्येकाने मोकळ्या जागेत धावायचे आणि वेळेवर पास द्यायचा. म्हणजे काचीगुडा-चादरघाटच्या पोरांना दिलेला धडाच आता देशाच्या संघाला द्यायचा होता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी जुने हैदराबाद राज्य विभागले गेले आणि मराठवाडा मुंबई राज्यात गेला, हे आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना चांगलेच ठाऊक आहे. बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच प्रेक्षकांसमोर ४-२ ने हरवले. मुळचे गोव्याचे आणि मुंबईकडून खेळणारे नेव्हिल डिसोझा यांनी तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये अशी हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. त्या संघात नूर मोहम्मद, अझिझुद्दीन, अहमद हुसेन, झुल्फिकारुद्दीन असे अनेक हैदराबादी होते. भारत चौथा आला. चार वर्षांपूर्वी दहा गोल खाल्लेल्या देशासाठी ही केवढी मोठी झेप!

त्याच संघात विशीतला तुळशीदास बलरामही होता. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याचा हा मुलगा घरचा अगदी गरीब. सरावाला हैदराबादपर्यंत रोज यायला त्याच्याकडे पैसे नव्हते. रहीमसाहेबांनी त्याच्या भाड्याच्या सायकलीची सोय केली. पुढे हाच बलराम, बंगालचे पी. के. बॅनर्जी आणि चुनी गोस्वामी हे त्रिकूट भारतीय फुटबॉलची शान ठरले. आघाडीची फळी अशीही बांधावी लागते. आधी मुलगा मैदानापर्यंत पोहोचला पाहिजे, डावपेच त्यानंतर.

मात्र वाट सरळ नव्हती. १९५८ च्या टोकियो आशियाई खेळांत भारत पदकाविना परतला. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये हंगेरीशी १-२ आणि पेरूशी १-३ अशी हार झाली, फ्रान्सशी १-१ बरोबरी झाली, आणि गटात आपण तळाला राहिलो. खेळाचे कौतुक झाले, पण तीन सामन्यांत गोल तीनच. रहीमसाहेब पुन्हा कामाला लागले. चार बचावाला, दोन मध्यावर, चार आघाडीला, ही ब्राझीलने १९५८ च्या विश्वचषकात गाजवलेली मांडणी त्यांनी आपल्या खेळाडूंच्या अंगवळणी पाडली. बॅनर्जी, गोस्वामी, बलराम आणि हैदराबादचेच युसूफ खान यांच्यावर आघाडीचा भार होता.

१९६२ च्या ऑगस्टमध्ये जकार्ताला संघ पोहोचला तेव्हा रहीमसाहेबांचे शरीर कर्करोगाने पोखरले होते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२ अशी हार झाली. नंतर थायलंडला ४-१ ने हरवले, पण बचावाचा आधारस्तंभ जर्नेलसिंग यांचे डोके फुटले आणि टाके पडले. त्यांच्याशिवाय जपानवर २-० असा विजय मिळाला. उपांत्य सामना दक्षिण व्हिएतनामशी होता. इथे रहीमसाहेबांनी कोणाच्या ध्यानीमनी नसलेला निर्णय घेतला. डोक्याला पट्टी बांधलेल्या जर्नेलसिंगांना त्यांनी बचावातून उचलून थेट आघाडीच्या मध्यभागी आणले आणि मागची बाजू अरुण घोष व इतरांवर सोपवली. आघाडीला उंची आणि ताकद मिळाली. भारत ३-२ ने जिंकला, आणि त्यातला एक गोल जर्नेलसिंगांचा होता!

अंतिम सामना ४ सप्टेंबरला पुन्हा दक्षिण कोरियाशीच होता. इस्रायल आणि तैवानला या खेळांत येऊ न दिल्याबद्दल भारताच्या एका क्रीडा पदाधिकाऱ्याने आक्षेप घेतला होता, त्यामुळे यजमान प्रेक्षक आपल्यावर चिडले होते. सुमारे एक लाख लोक आपल्या विरुद्ध ओरडत होते. आदल्या रात्री रहीमसाहेबांनी खेळाडूंकडे एकच गोष्ट मागितली, ती म्हणजे सुवर्णपदकाची भेट. पहिल्या २० मिनिटांतच बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांनी गोल केले. शेवटी कोरियाने एक गोल फेडला, पण सामना २-१ असा आपणच जिंकला. ज्या संघाने आठवड्यापूर्वी आपल्याला गोलही करू दिला नव्हता, त्यालाच हरवून मास्तरांची भेट त्यांच्या हाती आली.

त्यानंतर जेमतेम नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, रहीमसाहेबांचे निधन झाले. वय अवघे ५३. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला तो १९८५ मध्ये, त्यांच्यामागे बावीस वर्षांनी. १९७० मध्ये बँकॉकला भारताने आशियाई खेळांत कांस्यपदक मिळवले, तेव्हा कर्णधार हैदराबादचे सय्यद नईमुद्दीन होते. त्यानंतर या खेळांत फुटबॉलचे पदक भारताला मिळालेले नाही. बॅनर्जी आणि गोस्वामी २०२० मध्ये गेले, बलराम २०२३ मध्ये. ती फळी आता फक्त आठवणीत उरली आहे.

पालकांना आणि विश्वस्त मंडळींना आम्ही एवढेच सांगू इच्छितो, की रहीमसाहेबांच्या स्पर्धांना फार पैसा लागत नव्हता. एक चेंडू, एक शिट्टी आणि एक चांगला नियम पुरत असे. लागत होता तो वेळ, आणि सायकलीअभावी मागे राहणाऱ्या मुलाकडे पाहणारी नजर. आपल्या क्रीडा सप्ताहात एक सामना फक्त कमजोर पायाचा, आणि एक चेंडू घेऊन न पळण्याचा, असा ठेवता येईल का, याचा जरूर विचार व्हावा.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणाच्या आजोबांनी फतेह मैदानावर पोलीस संघाचे सामने पाहिले असतील, तर त्यांच्याजवळ बसून ते ऐका आणि लिहून आम्हाला द्या. पुढच्या अंकात आनंदाने छापू. आज मधल्या सुट्टीत मात्र एवढे करून पाहा : चेंडू पायात आला की मान वर करा. तुमचा एखादा सोबती नक्की मोकळा उभा असेल.